पिंपरीचं पेनिसिलिन आणि मामांचा रिपोर्ट

मंडळी, या वीकेंडला जरा जड विषय आहे. चहा घेऊन बसा.

आमची ऑफिसची बस रोज सकाळी पिंपरीत एच. ए. कंपनीवरून जाते. एच. ए. म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. आठ वर्षं मी तिच्यासमोरून जातोय, पण एकदाही मोबाईलमधून मान वर काढून तिकडे नीट पाहिलं नव्हतं. जुनी सरकारी कंपनी, मोठी झाडं, मोठं आवार. बास, एवढंच. २०२३च्या पावसाळ्यानंतर मात्र रोज पाहतो. कारण सांगतो.

माझं आजोळ बुलढाणा जिल्ह्यात, खामगाव तालुक्यातलं एक छोटं गाव. कापूस, सोयाबीन आणि उन्हाळ्यात विचारू नका असं ऊन. तिथे माझे मामा. वय एकसष्ट. २०२३च्या ऑगस्टमध्ये पोटात जोरात दुखायला लागलं म्हणून ते स्वतःच्या पायाने चालत जाऊन जीपमध्ये बसले. खामगावला सोनोग्राफी झाली, आतड्याला छिद्र पडलंय असं कळलं आणि तिथून मोठ्या शहरातल्या एका हॉस्पिटलमध्ये हलवलं. (शहराचं आणि हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. पुढचं वाचलं की का ते कळेल.)

ऑपरेशन झकास झालं. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, काळजी नको. पण चाळीस वर्षं बिडी ओढलेली छाती, त्यामुळे व्हेंटिलेटर लगेच निघेना. सहाव्या दिवशी ताप आला. छातीतला स्राव कल्चरला पाठवला. नवव्या दिवशी रिपोर्ट आला आणि मामेभावाने फोटो काढून मला व्हॉट्सअॅप केला, 'दादा, हे काय आहे बघ' म्हणून.

आता कल्चर म्हणजे काय, ते थोडक्यात. पेशंटच्या शरीरातून मिळालेले जंतू लॅबमध्ये वाढवायचे, आणि मग एकेका औषधापुढे ते मरतात का ते बघायचं. म्हणजे शुद्ध टेस्टिंग. औषधाच्या नावापुढे 'एस' असेल तर औषध चालतं, 'आर' असेल तर जंतू त्या औषधाला दाद देत नाही. मामांच्या रिपोर्टवर जंतूचं नाव होतं क्लेबसिएला न्यूमोनी. आणि खाली आर, आर, आर, आर... पान संपेपर्यंत आर. फक्त शेवटी कोलिस्टिन नावाच्या औषधापुढे 'आय'. धड चालतंही नाही, धड नाहीही म्हणत नाही. सगळ्या टेस्ट फेल झालेला रिपोर्ट मी नोकरीत पुष्कळदा पाहिलाय, पण तिथे रोलबॅक करता येतं.

मी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघालो. सकाळी थेट आयसीयू. भेटायची वेळ दहा मिनिटं. शेजारच्या बेडवरच्या आजोबांची चादर खाली घसरली होती, ती मी वर ओढली. मग मामांच्या पलंगाचा कठडा धरला, मग त्यांचा हात हातात घेतला. पलंगाच्या पायथ्याशी हँडरबची बाटली लटकवलेली होती, हे मला अगदी स्पष्ट आठवतं. ती मी वापरली का, हे आठवत नाही.

एकविसाव्या दिवशी मामा गेले.

तेराव्याला मामींनी मला बाजूला बोलावून विचारलं, "बापू, तू शिकेल हायेस. मले एक सांग, हे इन्फेक्शन आलं कुठून? घरून तं ते आपल्या पायानं चालत गेले होते."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'मामी, हॉस्पिटलमध्ये असं होतं कधीकधी' असं काहीतरी पुटपुटलो. हे उत्तर नव्हे, हे मलाही कळत होतं आणि त्यांनाही. मग पुण्यात परत आल्यावर वाचायला लागलो. डॉक्टर नाही मी, कोड लिहितो. पण बग कुठून आला ते शोधायला लॉग मागेमागे वाचत जायची सवय असते ना, तसा मागेमागे गेलो. आणि गंमत बघा, मागे जाताजाता थांबलो ते रोजच्या बस रूटवरच!

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेनिसिलिन इतकं दुर्मिळ होतं की सुरुवातीच्या पेशंट्सच्या लघवीतून ते परत गाळून काढायचे आणि पुन्हा टोचायचे. पुढे १९४३ साली अमेरिकेत पिओरिया गावच्या बाजारातल्या एका बुरशी लागलेल्या खरबुजावर भरघोस पेनिसिलिन देणारी जात सापडली आणि उत्पादन वाढलं. पण ते तिकडे. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतरही हे औषध बाहेरून आणावं लागायचं. मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे संचालक राहिलेले साहेबसिंग सोखी यांचा आग्रह होता की हे औषध देशात, सरकारी कारखान्यात बनावं. जागतिक आरोग्य संघटनेने तंत्रज्ञान आणि युनिसेफने यंत्रसामग्री द्यायची, जागा-इमारत-माणसं आपली, असं ठरलं. १९५४ साली पिंपरीच्या माळावर कंपनी उभी राहिली आणि १९५५ साली पेनिसिलिन बाहेर पडायला लागलं. स्वतंत्र भारताचा पहिला सरकारी औषध कारखाना तो हाच, आमच्या बसच्या खिडकीतून दिसतो तो.

आणि ते लोक नुसते बाटल्या भरत बसले नव्हते बरं का. तिथल्या संशोधकांनी पिंपरीच्याच मातीत एक नवा जीवाणू शोधला, त्याचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना! त्यातून हॅमायसिन नावाचं बुरशीवरचं औषध निघालं. एका जीवाणूला पिंपरीचं नाव आहे, हे इतकी वर्षं पिंपरीत राहून मला माहीत नव्हतं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे आणखी एका नावाची गोष्ट येणार आहे.

त्या पिढीच्या दृष्टीने विचार करा. न्यूमोनियाने, बाळंतरोगाने, साध्या काट्याच्या जखमेने माणसं जायची. आजी सांगायची, तिच्या सासूची पाच पोरं गेली. आणि अचानक एक सुई आली की दोन दिवसांत ताप उतरतो. जादूच ती. आमच्याकडे अजूनही म्हातारी माणसं डॉक्टरला म्हणतात, "गोया नको, सुई दे." तो विश्वास त्या काळातला आहे आणि तो खोटा नव्हता.

पण पेनिसिलिनचा शोध लावणारा फ्लेमिंग स्वतः मात्र घाबरलेला होता. १९४५ साली नोबेल घेताना केलेल्या भाषणात त्याने एक छोटी काल्पनिक गोष्ट सांगितली. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन विकत घेतो आणि जंतू मरतील इतकं घेत नाही, पण जंतू शहाणे होतील इतकं मात्र घेतो. मग तेच शहाणे जंतू त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन देऊनही ती वाचत नाही. फ्लेमिंगचा प्रश्न असा की तिच्या मृत्यूला जबाबदार कोण? त्याचं उत्तर: नवरा, त्याच्या निष्काळजीपणामुळे.

मामींच्या प्रश्नाला हे उत्तर होऊ शकेल का? मामाही गावातल्या मेडिकलमधून 'जोरदार गोळी' आणायचे. सर्दीला एक, अंगदुखीला एक, बरं वाटलं की बंद. मीही वेगळा नाही. माझ्या बॅगेत अझिथ्रोमायसिनची अर्धी स्ट्रिप कायम असायची, क्लायंट व्हिजिटच्या आधी घसा धरला तर असू दे म्हणून. (व्हायरसच्या सर्दीवर तिचा काडीचा उपयोग नसतो, हे अँटिव्हायरसवर जगणाऱ्या जमातीने तरी ओळखायला हवं होतं!) आपण सगळेच थोडेथोडे फ्लेमिंगचे ते गृहस्थ आहोत. पण आयसीयूतला तो जंतू फक्त मामांच्या गोळ्यांमुळे तयार झाला असं म्हणणं म्हणजे सगळा दोष मेलेल्या माणसावर ढकलणं. गोष्ट त्याहून मोठी आहे.

आयसीयूचाच इतिहास बघा. १९५२च्या उन्हाळ्यात डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू बंद पडलेले पेशंट पटापट मरत होते. पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ पैकी २७ गेले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने सुचवलं की गळ्याला छिद्र पाडून नळी घालू आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा आत ढकलू. मशीन नव्हती, म्हणून मेडिकलची सुमारे दीड हजार पोरं पाळ्या लावून, दिवसरात्र, महिनोन्महिने पिशव्या दाबत बसली. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. पुढच्याच वर्षी इब्सेनने अशा पेशंटसाठी वेगळा वॉर्ड सुरू केला. आजच्या आयसीयूचा जन्म तो.

आता यातली मेख बघा. निसर्गाने आपल्याला त्वचा दिलीय, खोकला दिलाय, नाकात केस दिलेत. ही सगळी शरीराची फायरवॉल. आयसीयूत पेशंट वाचवायचा तर ती फायरवॉल आपल्याच हाताने भोसकावी लागते. घशात नळी, मानेच्या शिरेत नळी, लघवीच्या जागी नळी. प्रत्येक नळी म्हणजे एक उघडा पोर्ट. त्यात पेशंट अशक्त, शेजारी तसाच दुसरा अशक्त पेशंट, आणि दोघांमध्ये येजा करणारे डझनभर हात. नर्सचे, डॉक्टरचे, वॉर्डबॉयचे, आणि पुण्याहून आलेल्या भाच्याचे.

म्हणजे आयसीयू चालायला दोन गोष्टी लागतात: चांगली औषधं आणि स्वच्छ हात. पेनिसिलिननंतरच्या पन्नास वर्षांत जगभर काय झालं, तर पहिली गोष्ट इतकी चांगली चालली की दुसरी ढिली पडली तरी भागायला लागलं. हात धुवायचा राहिला? असू दे, वरून एक अँटिबायोटिक चढवू. आमच्या धंद्यात याला टेक्निकल डेट म्हणतात. आज शॉर्टकट मारायचा आणि त्याचं कर्ज पुढच्या माणसाच्या नावावर टाकायचं. व्याज लागतच असतं, फक्त दिसत नाही.

जंतू मात्र व्याज मोजत होते. पेनिसिलिन फोडणारं एन्झाइम जंतूंकडे आहे, हे अब्राहम आणि चेन यांनी १९४० सालीच लिहून ठेवलं होतं, म्हणजे औषध पेशंट्सपर्यंत पोचायच्याही आधी. मग नवं औषध, मग त्यालाही न जुमानणारे जंतू, अशी शर्यत. या शर्यतीत १९८०च्या दशकात कार्बापेनेम्स आली. मेरोपेनेम वगैरे नावं तुम्ही कुणा नातेवाईकाच्या बिलावर वाचली असतील. ही राखीव फौज. बाकी सगळं हरलं की काढायची.

ही फौज हरायला लागली त्या गोष्टीत आपलं नाव कायमचं कोरलं गेलंय. २००८च्या सुरुवातीला स्वीडनमध्ये भारतीय वंशाच्या एका पेशंटमध्ये कार्बापेनेमला दाद न देणारा जंतू सापडला. हा माणूस त्याआधी लुधियाना आणि नवी दिल्लीच्या हॉस्पिटलांमध्ये भरती होता. जंतू होता क्लेबसिएला न्यूमोनी. होय, मामांच्या रिपोर्टवरचाच. त्याच्यातल्या नव्या एन्झाइमचं नाव ठेवलं गेलं 'न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज', थोडक्यात एनडीएम-१. २०१० साली लॅन्सेटच्या संसर्गरोगांच्या मासिकात भारत, पाकिस्तान आणि ब्रिटनमधल्या अशा जंतूंवर मोठा लेख आला आणि आपल्याकडे गदारोळ उडाला. राजधानीची बदनामी! मेडिकल टुरिझम बुडवायचा डाव! पिंपरीच्या मातीचं नाव जीवाणूला दिलं तेव्हा आपण खूश, दिल्लीचं दिलं तेव्हा नाराज. माणसाचा स्वभावच तो.

पण त्या गदारोळात एक गोष्ट कुणाच्या फारशी लक्षात आली नाही. लॅन्सेटच्या त्या लेखाच्या काही महिने आधी, मार्च २०१०मध्ये, मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी भारतातल्याच एका वैद्यकीय मासिकात हेच सांगितलं होतं. ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात त्यांच्या लॅबला कार्बापेनेमला दाद न देणारे २४ जंतू सापडले, त्यातल्या २२ जंतूंमध्ये एनडीएम-१ निघालं. म्हणजे बदनामी करायला कुणी परदेशातून आलं नव्हतं. माहीमच्या समुद्राकाठी बसून आपल्याच माणसांनी लॉग वाचला होता आणि प्रामाणिकपणे छापला होता. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात धाडसाचं पान हे आहे. आपल्या हॉस्पिटलमध्ये असा जंतू आहे, हे नावानिशी छापायला छाती लागते.

एनडीएम इतकं पसरलं कसं, हे आपल्या लोकांना पटकन कळेल. त्याचं जनुक बऱ्याचदा प्लाझ्मिडवर असतं. प्लाझ्मिड म्हणजे जंतूच्या मुख्य डीएनएपासून वेगळं, सुटं, गोल चक्र. एक जंतू दुसऱ्याला ते सहज देतो, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलासुद्धा. कॉलेजात आठवतंय का, एकाच्या पेनड्राईव्हमधून सगळ्या हॉस्टेलच्या मशीनवर व्हायरस जायचा? डिट्टो. त्यातून आपल्या नाल्यांमधून, पाण्यातून त्यांना भेटीगाठीला भरपूर जागा. २०११ साली दिल्लीच्या पाण्याचे नमुने तपासले तर नळाच्या ५० नमुन्यांपैकी २, आणि रस्त्याकडेच्या साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत हे जनुक निघालं. आयसीएमआरच्या २०२१च्या अहवालात असिनेटोबॅक्टर हा आयसीयूतला दुसरा दांडगा जंतू बघाल, तर ८७.५ टक्के नमुने कार्बापेनेमला न जुमानणारे.

मग उरतं कोलिस्टिन. रिपोर्टवरचं ते शेवटचं 'आय'. हे काही नवीन जादूचं औषध नाही बरं. १९४०च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये मातीतल्या जीवाणूपासून मिळालेलं, आणि मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून नंतर जवळजवळ अडगळीत टाकलेलं. दुसरं काही चालेना म्हणून अडगळीतून परत काढलं. आणि आपण काय केलं? कोंबड्या लवकर जाड व्हाव्यात म्हणून खाद्यात घातलं! पशुखाद्यातल्या कोलिस्टिनवर भारतात जुलै २०१९मध्ये बंदी आली. मामांना ते दिलं. चौथ्या दिवशी मूत्रपिंडं थकली, डायलिसिस लागलं. मामेभाऊ रात्री दोन वाजता त्या बाटल्यांसाठी मेडिकलच्या रांगेत उभा असायचा. सोयाबीनचे पैसे कधी आले आणि कधी गेले, ते कळलंच नाही.

आता हातांकडे येतो. व्हिएन्नामध्ये १८४७ साली सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरच्या लक्षात आलं की शवविच्छेदन करून थेट बाळंतिणी तपासायला जाणाऱ्या डॉक्टरांच्या वॉर्डात बायका जास्त मरतात, सुइणींच्या वॉर्डात कमी. त्याने क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायची सक्ती केली. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेला मृत्युदर काही महिन्यांत दोन टक्क्यांच्या आसपास आला. बक्षीस काय मिळालं? डॉक्टरांचे हात घाण आहेत म्हणतोस? असं म्हणून टिंगल. १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात, जखमेत झालेल्या जंतुसंसर्गानेच तो गेला.

त्यानंतर दीडशे वर्षांनी परिस्थिती काय होती? जिनिव्हाच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमध्ये, म्हणजे श्रीमंत, शिस्तीच्या स्वित्झर्लंडमध्ये, १९९४ साली मोजलं तर हात साफ करायच्या दर १०० वेळांपैकी जेमतेम ४८ वेळा लोक हात साफ करत होते. दिदिए पित्ते आणि मंडळींनी बेसिनचा नाद सोडून प्रत्येक बेडपाशी अल्कोहोलचा हँडरब ठेवला. चार वर्षांत ४८चे ६६ झाले आणि हॉस्पिटलात लागणाऱ्या संसर्गाचं प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.९वर आलं. नवीन औषध नाही, नवीन मशीन नाही. बाटलीची जागा बदलली.

अमेरिकेत पीटर प्रोनोव्होस्टने त्याहून साधं केलं: चेकलिस्ट. मानेच्या शिरेत नळी घालताना पाच गोष्टी. हात धुवा, पेशंट पूर्ण झाका, क्लोरहेक्सिडिनने त्वचा पुसा, जांघेची शीर टाळा, गरज संपली की नळी काढा. आणि डॉक्टरने एखादी पायरी गाळली तर नर्सने त्याला थांबवायचं. मिशिगन राज्यातल्या शंभरावर आयसीयूंमध्ये हे राबवलं, २००६ साली निकाल छापला. या नळीतून होणारे रक्तातले संसर्ग दीड वर्षात ६६ टक्क्यांनी कमी! ही गोष्ट जगभर पोचवली ती अतुल गवांदे यांनी. त्यांच्या वडिलांचं गाव उटी, यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ. म्हणजे आमच्या विदर्भातलेच की! चेकलिस्टवर त्यांचं अख्खं पुस्तक आहे. आपल्या लोकांनी आवर्जून वाचावं, कोड रिव्ह्यूकडे बघायची नजर बदलते.

'अहो पण हे अमेरिकेत, आपल्याकडे कुठून?' असं कुणी म्हणेल म्हणून विदर्भातलंच दुसरं टोक सांगतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांमध्ये एक प्रयोग केला. गावातल्याच थोडं शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. हात धुणं, बाळाला उबेत ठेवणं, जंतुसंसर्गाची ठरावीक लक्षणं ओळखणं, आणि ती दिसली तरच जेंटामायसिनचं इंजेक्शन, ठरलेल्या मापात, ठरलेले दिवस. तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी. १९९९ साली हे लॅन्सेटमध्ये छापून आलं. औषध जुनं, स्वस्त. झोपडीत, कंदिलाच्या उजेडात. पण पद्धत पक्की.

मला या सगळ्या वाचनातून कळलं ते एवढंच. औषध आणि शिस्त ही जोडी आहे. गडचिरोलीच्या झोपडीत ही जोडी एकत्र होती, तिथे साधं जेंटामायसिन पुरलं. एसी आयसीयूत जोडी फुटली, तिथे कोलिस्टिनही पुरलं नाही. पिंपरीच्या कारखान्याने आपल्याला अर्धी जोडी दिली. उरलेली अर्धी कुठल्याच कारखान्यात बनत नाही, ती प्रत्येकाने दर वेळी नव्याने करायची असते. आणि ती अर्धी करायला माणसंही लागतात. एका नर्सकडे पाच-सहा व्हेंटिलेटरचे पेशंट असतील तर प्रत्येक स्पर्शाआधी हात चोळायला ती वेळ कुठून आणणार? मामांच्या आयसीयूतली नर्स जेवायलाही जाताना मी पाहिली नाही. तिला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

कायदे झालेत, नाही असं नाही. १ मार्च २०१४पासून शेड्यूल एच-१ लागू आहे. सुरुवातीलाच त्यात ४६ औषधं घातली, कार्बापेनेम्ससकट. ती विकताना केमिस्टने वेगळं रजिस्टर ठेवायचं. पण मोजदादच जिथे नाही तिथे रजिस्टर काय करणार? मामांच्या मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलंय 'सेप्टिक शॉक, मल्टी ऑर्गन फेल्युअर'. जंतूचं नाव नाही, आर-आर-आर नाही, आयसीयूचं नाव तर नाहीच. जगात २०१९ साली १२.७ लाख माणसं थेट या औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे गेली असा अंदाज लॅन्सेटमध्ये आला. अंदाजच म्हणायचा, कारण अशा दाखल्यांवरून मोजणार कसं? बग ट्रॅकरमध्ये एंट्रीच नाही, तर फिक्स कोण करणार?

ऑक्टोबर २०२४मध्ये बुलढाण्याच्या नव्या सरकारी मेडिकल कॉलेजचं उद्घाटन झालं. शंभर जागा. बातमी वाचून पहिला विचार आला तो आयसीयूचा नाही, लॅबचा. जिल्ह्यातच चांगली कल्चर लॅब असेल, तर डॉक्टरला दोन-तीन दिवस अंधारात सगळ्यात भारी औषध मारावं लागणार नाही. आणि तिथून कुणीतरी हिंदुजासारखं, आमच्याकडे हे जंतू इतके सापडले, असं छापेल अशी आशा आहे.

या दिवाळीत आजोळी गेलो होतो. मामी अंगणात बसल्या होत्या. म्हटलं, मामी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. जंतू हॉस्पिटलातूनच आला असणार. हातावरून आला. कुणाच्या, ते कधीच कळणार नाही. मग एक क्षण थांबून म्हटलं, "माझ्याही असू शकेल. मी हात धुतल्याचं मला आठवत नाही."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तू त्यायचा हात धरला होता ना? मंग झालं." आणि आत जाऊन चहा ठेवला.

मला ती माफी वाटत नाही. पण चहा मी घेतला.

जाता जाता एक. हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची ती जुनी शान नंतर राहिली नाही. तोटा, थकलेले पगार, जमीन विकायचे निर्णय, ते सगळं पेपरात येऊन गेलंय. पण २०२०मध्ये कोविडच्या पहिल्या लाटेत ही कंपनी काय बनवत होती माहितेय? हँड सॅनिटायझर. पासष्ट वर्षांनी का होईना, पिंपरीने उरलेल्या अर्ध्या जोडीलाही हात लावला म्हणायचा.

तुमच्यापैकी कुणाला या आठवड्यात हॉस्पिटलात कुणाला भेटायला जायचं असेल, तर पलंगाच्या पायथ्याशी बाटली असेल. आधी हात चोळा, मग हात धरा. निघताना पुन्हा चोळा. वीस-तीस सेकंद लागतात.

असो. पुढच्या वीकेंडला काहीतरी हलकंफुलकं, नक्की.